कशापुरतं?

गेल्या आठवड्यात ऑफिसच्या कँटीनमध्ये मी माझ्या मल्लेश्वरमच्या घरमालकांची गोष्ट सांगायला घेतली होती. अजून नीट सुरुवातही झाली नव्हती, एवढ्यात समोरची मुलगी डोसा मोडता मोडता म्हणाली, "अय्या, माझे पण लँडलॉर्ड असेच! सेम टू सेम!" झालं, माझं डोकं फिरलं. मी एवढंच विचारलं, "कशापुरते सेम?" ती बिचारी गोंधळली. म्हणाली, म्हणजे म्हातारे होते, तिरसट होते, पाणी जपून वापरा म्हणायचे. मी डबा बंद केला आणि उठले. तिचा काही दोष नाही, पोरगी गुणी आहे. पण अण्णांना, म्हणजे माझ्या त्या घरमालकांना, जाऊन वर्ष उलटलं तरी कोणी त्यांना दुसऱ्या कुणाच्या रांगेत उभं केलं की मला आजही सहन होत नाही.

हा "कशापुरतं?" मुळात त्यांचाच. माझ्या जिभेवर तो कधी येऊन बसला, मला कळलंच नाही.

मी सांगलीची. नोकरी लागली व्हाइटफील्डला आणि खोली घेतली पार शहराच्या दुसऱ्या टोकाला, मल्लेश्वरमला, म्हणून ऑफिसात सगळ्यांनी मला वेड्यात काढलं होतं. पण व्हाइटफील्डमधली घरं बघून मी धसकलेच होते. सगळ्या इमारती एकसारख्या, सगळे मजले एकसारखे, दारावरचा गणपतीसुद्धा एकाच दुकानातून आणलेला. तेवढ्यात एजंट म्हणाला, मल्लेश्वरममध्ये एक रिटायर्ड मास्तर वरची खोली देतात, ते पण मराठी, तुम्ही पण मराठी, दोन्ही सेमच. आईला फोनवर हे सांगितलं तर तिनं तिकडे देवापुढे साखर ठेवली.

मी गेले तेव्हा ते पायरीवर बसून पावट्याचे दाणे सोलत होते. उंच, काटकुळे, पांढरं धोतर आणि वर राखाडी स्वेटर. हा स्वेटर बाराही महिने अंगावर असायचा, उन्हाळ्यात फक्त बटणं उघडी. शेजारी त्यांची मुलगी वैदेही लॅपटॉप मांडीवर घेऊन मीटिंगमध्ये होती आणि मध्येच हात घालून दाणे सोलत होती. मी उत्साहानं म्हणाले, "तुम्ही मराठी आहात म्हणे! म्हणजे आपण एकच की."

त्यांनी मान वर केली आणि विचारलं, "कशापुरतं?"

मला वाटलं, यांना ऐकू कमी येतं. मी पुन्हा सांगितलं. ते म्हणाले, ऐकलं मी. आमचे पूर्वज कुठल्याशा फौजेबरोबर इकडे आले ते इथलेच झाले, घरात मराठी ठेवलं आणि बाकी सगळं कानडी केलं. तेव्हा भाषेपुरतं म्हणशील तर आपण निम्मे एक आहोत. जेवणापुरतं बघावं लागेल. भाड्यापुरतं म्हणशील तर अजिबात नाही. वैदेहीनं मीटिंगचा आवाज बंद करून मला सांगितलं, "घाबरू नकोस, ते सगळ्यांनाच असं विचारतात." आणि मी त्या घरात राहायला गेले. गेले म्हणजे काय, रुजलेच.

गल्लीत त्यांना सगळे मेष्ट्रु म्हणायचे, म्हणजे मास्तर. शाळेत त्यांनी जन्मभर गणित शिकवलं होतं आणि आसपासचा निम्मा मोहल्ला त्यांच्या हाताखालून गेला होता. दुकानदार, रिक्षावाले, बँकेतले साहेब, सगळ्यांनी कधी ना कधी त्यांच्याकडून कान पिळून घेतलेला. तरी कुणी त्यांना चुकवायचं नाही. उलट मुद्दाम छेडायचे. दूधवाला म्हणायचा, मेष्ट्रे, निळी पिशवी संपली, हिरवी घ्या, दोन्ही एकच. की यांचा प्रश्न आलाच, कानडीत, "यावुदक्के?" पुढे पुढे तो दूधवालाच शहाणा झाला. पिशवी हातात देतानाच म्हणायला लागला, कॉफीपुरती एकच, दह्यापुरती वेगळी. त्यावर अण्णा खूष. म्हणायचे, शाळेत असताना हे समजलं असतं तर पास झाला असता गाढव.

एकदा मी वैतागून त्यांना म्हणाले, लोक आपलं बोलण्याच्या ओघात म्हणतात हो, सेम आहे, तेच ते, एकच की. त्यात एवढं काय? मला वाटलं, आता गणिताचा तास होणार. तसं काही झालं नाही. स्वेटरचं बटण लावत ते म्हणाले, "सारखं म्हणणं वाईट नाही गं. आमचं सगळं गणित त्यावरच उभं आहे. पण दोन गोष्टी सारख्या म्हणताना तू काहीतरी बघायचं सोडून देतेस. काय सोडलंस ते मोठ्यानं सांगायचं. कारण जे सोडतेस, ते कुणाचं तरी असतं."

मला ते पटलं, पण शेजारच्या काकूंना हे कोण सांगणार? त्यांनी एकदा हळदीकुंकवाला आलेल्या चार बायकांदेखत सांगितलं, आमच्याकडे सून आणि मुलगी सेमच हो. अण्णा तिथे वैदेहीला न्यायला आले होते. दारातूनच त्यांनी विचारलं, कशापुरतं? बाई अडखळल्या, म्हणाल्या, सगळ्यापुरतंच. यांनी पुढे विचारलं, सकाळी उशिरा उठण्यापुरतंसुद्धा? त्यांची सून तोंडाला पदर लावून जी आत गेली, ती बाहेरच आली नाही. हसू आवरेना म्हणे तिला. शेजारच्या काकूंनी त्यानंतर कित्येक दिवस आमच्याकडे कढीपत्ता मागितला नाही, आणि त्यांच्या सुनेनं मात्र अण्णांना गुपचूप चकल्या पाठवल्या.

मलाही त्यांनी सोडलं नव्हतं. पहिल्या होळीला वैदेहीनं वर होळिगे पाठवली तेव्हा मी जिना उतरत म्हणाले, आमची पुरणपोळीच की ही. खालून आवाज आला, कशापुरतं? मी म्हणाले, गोडापुरतं. मग बसलो आम्ही दोघं भांडत. त्यांच्याकडे पुरण तुरीच्या डाळीचं, आमच्याकडे हरभऱ्याचं. त्यांची पोळी तेलावर हातानं थापलेली, आमची पिठावर लाटलेली. भांडता भांडता मला आईचं लाटणं दिसायला लागलं आणि मी हातातला घास ताटात ठेवला. अण्णांनी पाण्याचा पेला पुढे केला.

आईशी मी रोज संध्याकाळी व्हिडिओवर बोलायचे. ती मला सांगलीतलं अंगण दाखवायची, मी तिला गच्चीवरून दिसणारा नारळ दाखवायचे. एकदा फोन ठेवल्यावर अण्णांना मी म्हणाले, आता काय हो, रोज भेटल्यासारखंच आहे. त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, पण हळू विचारला. मी म्हणाले, डोळ्यांपुरतं. आणि मला रडूच कोसळलं. आईच्या हाताला येणारा आल्याचा वास, तिची माझ्या पाठीवर थाप, हे सगळं मी रोज सोडून देत होते आणि वर भेटले म्हणत होते.  अण्णा म्हणाले, रजा काढ आणि जाऊन ये, खोलीला मी कुलूप लावतो. मी त्याच शनिवारी गेले. आज आई नाही, आणि तेव्हा गेले याचं मला केवढं समाधान आहे हे मी अण्णांना कधी नीट सांगितलंच नाही. सांगायला हवं होतं.

त्यांच्या बायकोला मी पाहिलं नव्हतं. वैदेही शाळेत जायला लागली आणि थोड्याच दिवसांत तिची आई आजारानं गेली. वैदेही तिला अम्मा म्हणायची. घरात त्या माउलीची एकही तसबीर नव्हती, आणि यावरून नातेवाइकांत फार बोललं जायचं. अण्णांचे धाकटे भाऊ राजाजीनगरला राहायचे. त्यांची बायको, म्हणजे वैदेहीच्या काकू, मनानं मोठ्या, पण रीतीभातीला काटेकोर. पितृपक्षात सवाष्ण गेलेल्या बाईच्या नावानं दुसऱ्या सवाष्णीला जेवू घालतात, तिची ओटी भरतात. जेवायला बसलेली बाई म्हणजे गेलेलीच, असं मानायचं. दर वर्षी काकू विचारायच्या, मी येऊन बसू का पानावर? दर वर्षी अण्णा म्हणायचे, जेवायला केव्हाही ये, पण तिच्या जागी नको. काकूंना ते लागायचं. मला एकदा म्हणाल्या, असा कसा गं हा माणूस, फोटो नाही, पान नाही, तिच्या आठवणीला घरात जागाच ठेवली नाही यांनी.

जागा ठेवली नव्हती असं नव्हे. ती कुणाला द्यायची नव्हती.

ते मला वैदेहीमुळे कळलं. तिची आई गेली तेव्हा तिचे केस कमरेपर्यंत होते. सगळे म्हणाले, कापून टाका, बापाला कुठे वेणी जमते. अण्णांनी झोपाळ्याच्या कडीला सुतळीचे तीन पदर बांधले आणि शाळेतून आल्यावर बसून वेणी घालायला शिकले. सुरुवातीला वेणी इतकी घट्ट व्हायची की वैदेहीच्या भुवया दिवसभर वर ओढलेल्या असायच्या. शाळेत बाई विचारायच्या, सारखी आश्चर्य का करतेस? मग हळूहळू हात बसला. पुढे मुलगी वयात आली तेव्हा त्यांनी कुणा बाईला बोलावलं नाही, स्वतः समोर बसवून, फळ्यावर शिकवावं तसं सगळं सांगितलं. वैदेही हे सांगताना हसून लोळायची. आणि हसता हसता डोळे पुसायची.

वैदेहीचं लग्न ठरलं तेव्हा मी त्या घरात चांगली मुरले होते. मुलगा म्हैसूरचा, त्यांच्यासारख्याच जुन्या मराठी घरातला, शांत. दोघांनी एकमेकांना आपापलंच पसंत केलं होतं. सगळं छान चाललं होतं, आणि मग धारेचा प्रश्न आला.

इकडच्या लग्नात सगळा जीव त्या धारेत असतो. मुलीचा हात मुलाच्या हातात, बाप तो धरून बसलेला, आणि आई वरून पाण्याची धार सोडते. ती धार पडली की मुलगी दिली. आई नसेल तर दोन वाटा. एक तर घरातलं दुसरं जोडपं बसतं. नाही तर बापानं कमरेला सुपारी खोचून बसायचं, की ती सुपारी म्हणजे बायको. आमच्या सांगलीकडेही तसंच करतात. पण सुपारी काही हात उचलून पाणी सोडत नाही, तेवढ्यापुरती दुसरी सवाष्ण लागतेच.

एका रविवारी राजाजीनगरहून काका-काकू आले. काकांनी अगदी मायेनं सांगितलं, दादा, तुम्ही उगीच त्रास करून घेऊ नका, कन्यादान आम्ही दोघं करतो, काका काय आणि बाप काय, एकच की. मी जिन्यात उभी होते. वैदेही स्वयंपाकघराच्या दारात. आम्ही दोघी त्या प्रश्नाची वाट बघत होतो, आता येईल, मग येईल. तो आलाच नाही. अण्णा एवढंच म्हणाले, "सरी, ठीक आहे. बघू."

माणूस इतकी वर्षं ज्याला त्याला अडवत आला, त्यानं आपल्या भावाला अडवलं नाही, म्हणून आम्ही घाबरलो. त्या रात्री वैदेही जेवली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं त्यांना सांगून टाकलं की धार कुणीही सोडा, मला फक्त तुम्ही समोर हवेत, लग्नात भांडण नको. त्यांनी मान हलवली आणि पंचांग उघडून बसले. पान मात्र उलटत नव्हते.

चार दिवसांनी संध्याकाळी मी गच्चीवर कपडे काढत होते, ते वर आले. कठड्याला टेकून उभे राहिले. खाली मंदिरातली घंटा चालली होती. मी काही विचारलं नव्हतं, तेच बोलायला लागले. बायकोला कधी काही मागायची सवय नव्हती म्हणाले, साडीसुद्धा ती दुसऱ्यांच्या पसंतीची नेसायची. शेवटी हॉस्पिटलात होती तेव्हा एकच गोष्ट मागितली.

"म्हणाली, वैदूच्या लग्नात धार माझ्या हातची. मी हो म्हणालो. ते खोटं होतं, तिलाही माहीत होतं, मलाही. तरी ती हसली."

मी हळूच म्हणाले, काकू किती जीव लावतात वैदेहीला. ते म्हणाले, "लावतेच. तिच्यात काहीच कमी नाही. पण मग ती धार तिची होईल. माझ्या बायकोची उरणार नाही." मी म्हणाले, मग सुपारी? त्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू वर्गात मीच सगळ्यात ढ. आणि खाली निघून गेले. जिना ते एकेका पायरीवर थांबत उतरले. शहाणा माणूस आपल्याच शहाणपणात अडकला होता. कुणाच्या जागी कुणी नाही, हे जन्मभर सांगितलं; आता एक जागा रिकामी होती आणि ती भरल्याशिवाय लेक सासरी जाणार नव्हती.

लग्न राजाजीनगरच्या एका हॉलमध्ये होतं. सकाळपासून ढग, हवा गार, नादस्वरवाले, म्हणजे इकडचे सनईवाले, दाराशी कॉफी पीत बसलेले. लग्न लावायला आलेले आचार्य अण्णांचे जुने विद्यार्थी निघाले. गोरे, गोल, पन्नाशीचे, आणि मेष्ट्रु समोर आले की अजून हात मागे बांधून उभे राहणारे. मांडवात दोन पाट मांडले होते, एक यजमानाचा, एक यजमानिणीचा. काका सोवळं नेसून आले होते, काकू नऊवारी रेशमी पातळात, नथ घालून. तोवर सगळे हेच धरून चालले होते की तेच बसणार.

एवढ्यात अण्णा आले. नवं धोतर, खांद्यावर उपरणं, आयुष्यात पहिल्यांदा स्वेटर नाही. ते सरळ मांडवात चढले आणि यजमानिणीच्या पाटावर बसले.

आचार्य हळूच म्हणाले, "सर, तो पाट आईचा."

"ठाऊक आहे," अण्णा म्हणाले. समोरच्या तबकातली सुपारी त्यांनी उचलली, शेजारच्या पाटावर ठेवली, वर चार अक्षता टाकल्या. "हा वैदेहीचा बाप."

कुणीतरी मोठ्यानं हसलं. काका पुढे झाले, पण काकूंनी त्यांची बाही धरली. आचार्यांच्या कपाळावर घाम. त्यांनी सांगायचा प्रयत्न केला की सुपारी बायकोच्या जागी ठेवतात, नवऱ्याच्या जागी ठेवलेली कुणी पाहिली नाही, शास्त्रात तसं नाही. अण्णांनी ऐकून घेतलं. मग वर्गात विचारावं तसं विचारलं, सुपारी माणसाच्या जागी बसते की नाही? बसते, आचार्य म्हणाले. एक दुसऱ्यासारखं असेल तर दुसरं पहिल्यासारखं असतं की नाही?  नववीत हे तुला पाठ होतं, अण्णा म्हणाले. आचार्यांनी मान खाली घातली आणि कबूल केलं, असतं सर.

"मग. सुपारी बायको होऊ शकते, तर नवराही होईल. आणि माझ्यापेक्षा कमी बोलेल."

आता सगळाच हॉल हसला. अण्णा हसले नाहीत. ते आचार्यांशी बोलत होते, पण आवाज भावाकडे होता. "हिची अम्मा गेली तेव्हापासून आमच्या घरात बापाचं काम कुणी केलंच नाही. मला वेळच नव्हता. मी तिचंच काम करत होतो. ते काम माझ्याकडे तिचं आहे, मी दुसऱ्याला कसं देऊ?" त्यांनी समोरच्या तांब्याकडे बोट केलं. "एवढी धार झाली की संपलं. ती मला तिच्या हातानं सोडू दे."

मुहूर्ताची घटका भरत आली होती. आचार्य उभे, काका उभे, नवऱ्या मुलाचे वडील खुर्चीत पुढे सरकून बसलेले. वैदेही मुंडावळ्यांतून बापाकडे बघत होती. तेव्हा काकू मांडवात चढल्या. मला वाटलं, आता या बोलणार, आणि आज बोलल्या तर त्यांचा हक्क होता. दर वर्षी पानावरून उठवलेली बाई, आज पाटावरूनही उठवलेली. काकू अण्णांच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. त्यांनी त्यांच्या खांद्यावरचं उपरणं काढलं, उलगडलं आणि दोन्ही खांद्यांवरून पुढे घेतलं, सवाष्ण पूजेला बसताना पदर घेते तसं. मग पाण्यानं भरलेला तांब्या त्यांच्या हातात दिला. म्हणाल्या, "बारीक धरा. तुटू देऊ नका."

आचार्यांनी मंत्र सुरू केले. संकल्पाचे शब्द यजमानानं म्हणायचे असतात. सुपारी काही म्हणेना, तेव्हा आचार्यांनी अण्णांकडे बघितलं आणि अण्णांनी ते म्हटले. वैदेहीचा हात मुलाच्या हातात गेला आणि धार पडली. कॉफी गाळतानाही हात हलणारा माणूस, पण ती धार सुईत ओवलेल्या दोऱ्यासारखी सरळ आली, तुटली नाही. नादस्वर वाजायला लागलं. अक्षता उडाल्या. मी रडत होते, काकू रडत होत्या, मेष्ट्रूंच्या नावानं बोटं मोडणाऱ्या शेजारच्या काकूसुद्धा रडत होत्या.

दुपारी पाठवणीच्या वेळी हॉलची माणसं सतरंज्या गुंडाळायला लागली होती. पाट मात्र अजून जागचे हलले नव्हते, कारण जेवण झाल्यावर अण्णा पुन्हा तिथेच येऊन बसले होते, उपरणं तसंच दोन्ही खांद्यांवर. वैदेही आणि जावई नमस्काराला आले. वैदेही आधी शेजारच्या पाटापुढे वाकली, सुपारीला हात लावून कपाळाला लावला आणि म्हणाली, "अण्णा, येते." बापाचीच मुलगी. हसणारे हसले, मीही हसले. मग ती त्यांच्याकडे वळली, पायांवर डोकं ठेवलं आणि तशीच राहिली. उठली तेव्हा काजळ गालावर उतरलं होतं.

"अम्मा," ती म्हणाली, "येते मी."

अण्णांनी तिच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. मग एका वेगळ्याच, मऊ आवाजात म्हणाले, "ये, माझ्या बंगारा, माझ्या सोन्या. उन्हाची नको जाऊस. स्वल्प थांबून जा."

असं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. काकूंनी माझं मनगट घट्ट धरलं. "हे वहिनींचं, हिच्या अम्माचं बोलणं," त्या कुजबुजल्या. "मी माहेरी निघाले की अशाच म्हणायच्या."

बाहेर ऊन नव्हतंच, सकाळपासूनचे ढग तसेच होते. तरी वैदेही त्यांच्या पाटाला टेकून जमिनीवर बसली, आणि म्हैसूरची गाडी दारात उभी असताना आम्ही सगळे थांबलो.